फरशीवरचा तलाव

धाकटीनं खडूची रेघ खिडकीपासून कपाटापर्यंत ओढली, गुडघ्यांवरच मागं सरकली आणि म्हणाली, “हा तलाव.”

तलावाच्या अलीकडे, सुट्टीसाठी भाड्यानं घेतलेली केबिन आखून झाली होती. त्यासाठी बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या गॅलरीत गेल्या होत्या आणि टेबल भिंतीला चिकटलं होतं. तीन फुटांचं दार, कोपऱ्यात शेगडीचा चौकोन, दोन्ही अंगांना एकेक लांबट आयत. हे बंक. प्रत्येकावर दोघांनी वर-खाली झोपायचं. धाकटी बस-आगारात गाड्यांची वेळापत्रकं बसवायची. केबिनवाल्यानं फोनवर मापं पाठवली होती, पण नुसत्या आकड्यांवर तिचा विश्वास नसे. माप जमिनीवर उतरलं पाहिजे. घरातले म्हणत, हिच्या वेळापत्रकात माणसाला शिंक आली तर तिलाही थांबा नाही.

“आई, शेगडीपाशी दोघं उभे राहिले तर दार उघडत नाही,” मुंगी म्हणाली. धाकटीची ही दहा वर्षांची मुलगी मापाची फीत धरून केबिनच्या मधोमध उभी होती.

“मग एकानंच उभं राहायचं. लिही.”

बाहेरचं दार वाजलं. थोरली जाऊ कामावरून आली होती. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती, आणि हात कितीही धुतले तरी प्लास्टरची पांढरी भुकटी नखांच्या कडांना राहायचीच. तिनं चपला काढल्या, पिशवी काखेत धरली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. वाट खडूच्या रेघेवरून जात होती.

“मुंगे,” धाकटीनं मान वर केली नाही, “काकूला म्हणावं, तलावातून जाऊ नका. एकदा झालंय तेवढं पुरे.”

मुंगीनं काकूकडे पाहिलं. “काकू, तलावातून जाऊ नकोस.”

दोघी जावांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. थोरलीनं सगळं ऐकलं होतं, मुंगीनं गाळलेलंसुद्धा. ती भिंतीच्या कडेकडेनं गेली.

जावांचा अबोला सहा वर्षांचा होता. भांडण कशावरून झालं ते दोघींना नीट आठवत होतं, फक्त वेगवेगळं आठवत होतं. घर एक, स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक. तेव्हा बोलल्यावाचून चालणार नव्हतं, आणि बोलायचं तर नव्हतं. मुंगी त्या वेळी चार वर्षांची होती, बोबडेपणा जाऊन नुकती स्पष्ट बोलू लागली होती. काकूला म्हणावं, गॅस संपलाय. आईला सांग, दूध मी आणलंय. घरातल्या पुरुषांनी आधी समजूत घातली, मग चेष्टा केली, मग त्यांनाही सवय झाली. नेमधर्मानं वागणारी बाई नेम पाळते तसा दोघींनी तो अबोला पाळला. आजारपणात नाही, पाहुण्यारावळ्यांत नाही, एक दिवस खंड पडला नाही. तेवढ्या निष्ठेनं दोघींपैकी कुणी देवाचं नाव घेतलं असतं तर ते घर निवलं असतं.

थोरलीनं चहाचं आधण ठेवलं आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आयतांमध्ये धाकटीनं नावं लिहिली होती. एकात काका आणि बाबा. दुसऱ्यात आई आणि मुंगी.

“मुंगे, आईला विचार, माझी जागा कुठं?”

“आई, काकू विचारते, तिची जागा कुठं.”

“केबिन चौघांची आहे म्हणावं.”

“गेल्या वर्षीही चौघांचीच होती. मी खाली अंथरूण घातलं होतं.”

“काकू म्हणते, गेल्या वर्षी ती खाली—”

“ऐकलं. गेल्या वर्षी आणखीही बरंच झालं म्हणावं.”

मुंगीच्या हातातली फीत सुटली आणि सर्रकन डबीत गेली. मागं चहा उतू गेला. थोरली आत वळली.

तिचा नवरा गॅलरीत, हलवून ठेवलेल्या खुर्च्यांच्या गर्दीत बसून कंदिलाची काच पुसत होता. तो पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करायचा; केबिनला जायचं ते त्याच्याच गाडीतून. थोरलीनं त्याच्यापुढं कप ठेवला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“काय?”

“चौघांचं.”

त्यानं काच उजेडाकडे धरली. “गाडी मी नाही नेली तर ते जाणार कसे? एक वर्ष जाऊ दे ना. पोरीचं एकदा निभावू दे, मग पुढच्या वेळी बघू.”

“म्हणजे तुम्हालाही वाटतं.”

“मला काही वाटत नाही. मी मध्ये पडत नाही.”

“पडू नका. त्या दिवशीही तुम्ही दोघं भाऊ होडीतून मासे धरत होतात. मध्ये पडायला कुणीच नव्हतं.”

त्यानं काच कंदिलात बसवली. ती नीट बसली नाही. त्यानं पुन्हा काढली.

त्या दिवशीची गोष्ट एवढीच होती. सकाळची वेळ, केबिनपासून तलावात शिरलेला लाकडी धक्का, आणि धक्क्याच्या टोकाशी पाठमोरी बसून रात्रीची भांडी घासणारी थोरली. धाकटी आत सामान लावत होती. मुंगी पाण्यात जाते म्हणून मागं लागली, तेव्हा ती म्हणाली, जा, पण आधी काकूला सांग, मी येईपर्यंत तुझ्यावर लक्ष ठेवायला. मग मुंगी रबरी ट्यूब घेऊन उतरली, ट्यूबमधली हवा गेली, आणि ओरडा ऐकून थोरली वळली तेव्हा पाण्यावर नुसता हात दिसत होता. एका होडीवाल्यानं तिला काढलं. मुलगी तीन दिवस दवाखान्यात होती.

“मी निरोप धाडला होता,” धाकटी तेव्हापासून म्हणत आली.

“मला मिळालाच नाही,” थोरली म्हणाली होती. पहिल्यांदा रडत, मग रागानं, मग नुसतंच. कुणी तिला खोटारडी म्हटलं नाही. फक्त त्यानंतर मुंगीला शाळेतून आणायला तिला कुणी पाठवलं नाही, रस्ता ओलांडताना मुंगीचा हात तिच्या हातात दिला नाही. डॉक्टर म्हणाले होते, मुलीपाशी विषय काढू नका, म्हणून कुणी काढला नाही. होता होता थोरलीला स्वतःचीच शंका यायला लागली. भांड्यांच्या आवाजात पोर बोलली असेल आणि आपल्याला ऐकू आलं नसेल. कारखान्यात घासायच्या यंत्रांची दिवसभर घरघर असते. एका दुपारी ती अर्धी रजा काढून, घरी न सांगता कान तपासून आली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचे कान तर तरण्या पोरीसारखे आहेत. एरवी कुणी हसलं असतं. थोरली तो कागद घेऊन दवाखान्याच्या जिन्यात बराच वेळ बसून राहिली होती.

मुंगी तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेत नसे. केस धुवायचे म्हटले की न्हाणीघराची कडी धरून बसायची. म्हणून धाकटीनं ठरवलं होतं, भीती जिथं लागली तिथंच काढायची. तोच तलाव, तोच धक्का. आणि ज्या बाईमुळं लागली तिला सोबत न्यायचं नाही.

संध्याकाळी थोरलीनं मुंगीला स्वयंपाकघरात बोलावलं.

“आईला जाऊन सांग, मी चार दिवसांची रजा टाकलीय. मी येणार. झोपायला केबिन नको, मी गाडीत झोपेन. तू पाण्यात उतरशील तेव्हा मला तिथं असायचंय. बास.”

मुंगीनं मान हलवली आणि गेली. थोरलीनं उगाच एक कोरडं ताट पुसायला घेतलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं धूर ओढणारा पंखा बंद केला.

भिंतीपलीकडचा आवाज स्वच्छ आला.

“गाडीत झोपणार? म्हणावं, माझ्या पोरीला एकदा जवळजवळ मारलंत, तेवढ्यानं पोट नाही भरलं? येणारच असाल तर आम्ही जात नाही. खुशाल एकट्या जाऊन बसा त्या धक्क्यावर!”

“अगं हळू,” हा तिच्या नवऱ्याचा, धाकट्या भावाचा आवाज. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि वर्गात म्हणे चांगला खणखणीत बोलायचा.

“हळू कशाला? काय खोटं आहे त्यात?”

मुंगी परत आली. ओट्याला टेकून उभी राहिली.

“आई म्हणते, बघू. गाडीत थंडी असते म्हणाली.”

थोरलीच्या हातातलं फडकं ताटावर थांबलं. ती रोज कवळ्या घासून, पॉलिश करून बशीत मांडायची. चांगली कवळी तोंडात बसली की ती खोटी आहे हे समोरच्याला कळू नये, असं तिचा मुकादम सांगायचा. मुंगीचं वाक्य तसं बसलं होतं. त्यात आईचा सूर होता, आईची घाई होती, आणि आईनं कधीच न घेतलेली काळजी होती.

“गाडीत थंडी असते, असं म्हणाली आई?”

“हो.”

“आणखी काही?”

“आणखी काही नाही.”

थोरलीनं ताट ठेवलं. “चल, माळ्यावरच्या झोपायच्या पिशव्या काढायच्यात ना? मी काढते. तू खाली धर.”

सामानाच्या खोलीत दोघीच होत्या. थोरली स्टुलावर चढली, पिशवीचा पट्टा ओढला. धूळ उडाली. मुंगी शिंकली.

“काय गं,” थोरली वरूनच म्हणाली, पिशवीकडे बघत, “माझ्यासाठीचे निरोप तू नेहमी असे धुऊन-पुसून आणतेस?”

खाली मुंगी नाक पुसत राहिली.

“मी रागावले नाही. विचारतेय.”

“कधी कधी.”

“आणि माझे आईकडे नेतेस ते?”

“तेही.”

“का?”

“नाहीतर तुम्ही दोघी जेवत नाही.” मुंगीनं खालून पिशवी झेलली. “परवा तू म्हणालीस ना, आईला विचार, तिचे हात मोडलेत का. मी विचारलं, काकू विचारते, तुझा हात दुखतोय का.”

“मग?”

“मग आई काही बोलली नाही. पण नंतर तिनं तुझा डबा घासला.”

थोरलीला हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तिनं स्टुलावर हात टेकला. त्या दिवशीचा घासलेला डबा तिला आठवत होता. हिला बरी लाज वाटली, असं ती तेव्हा मनात म्हणाली होती.

“मुंगे. आणि असे किती, जे तू पोचवलेच नाहीस?”

मुंगी पिशवीची चेन उघडू-मिटू लागली. उघडली, मिटली. मग एकदम म्हणाली, “तू येऊ नकोस ना तिकडे.”

“हे आईनं सांगितलं?”

“नाही. हे माझं आहे.”

सहा वर्षांत त्या मुलीनं आपल्याला स्वतःचं असं काही सांगितल्याचं थोरलीला आठवेना. ती हळूच खाली उतरली आणि स्टुलावर बसली. आता दोघींची तोंडं एका पातळीवर आली.

“का येऊ नको?”

“तू आलीस की आई परत तेच बोलणार. मग तू म्हणणार, निरोप मिळालाच नाही. मग सगळे माझ्याकडे बघणार.”

“मला मिळाला होता का निरोप?”

मुंगीनं मान हलवली. नाही.

“मी आले होते धक्क्यावर. तुझी पाठ होती. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांब, एवढं होऊ दे. तू नेहमी म्हणतेस, एवढं होऊ दे. मला लगेच जायचं होतं.”

“आणि दवाखान्यात?”

“आईनं विचारलं, सांगितलं होतंस ना काकूला? माझ्या तोंडात ती नळी होती. मी मानेनं हो केलं. मग आई रडली. मग परत कुणी विचारलंच नाही.” मुंगी पिशवीकडेच बघत होती. “मी वाट बघत होते. कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं.”

थोरली उठली. उठताना स्टूल आडवं झालं, ते तिनं उचललं नाही. एक अख्खं वर्ष. रस्ता ओलांडताना पुढं न आलेला तो हात. शेजारणीचं हळू होणारं बोलणं. गॅलरीत बसून कंदील पुसणारा नवरा, एक वर्ष जाऊ दे ना. तिनं मुंगीचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की प्लास्टरची भुकटी मुलीच्या कातडीला लागली.

“चल.”

“कुठं?”

“आईकडे. आत्ता मला सांगितलंस ते शब्द न् शब्द सांगायचं. यातला एक शब्द धुवायचा नाही.”

धाकटी आता स्वयंपाकघरात होती. ओट्यावर एकसारखे डबे मांडून त्यांत साखर, चहा, मीठ भरत होती, आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहीत होती. तिनं दोघींना पाहिलं. मग तिचे डोळे मनगटावर गेले.

“मुंगे, काकूला विचार, तुझा हात का धरलाय.”

मुंगीचे ओठ सुकले होते. तिनं ते जिभेनं ओले केले.

“काकू, आई विचारते, माझा हात का धरलायस.”

आवाज नेहमीचाच होता. स्पष्ट, नीटस, ना वर ना खाली. थोरलीनं श्वास घेतला.

“आईला सांग—”

आणि मुंगी वळली. नेहमी वळायची तशी, हनुवटी किंचित उचलून, आईकडे तोंड करून उभी राहिली. पुढचं वाक्य यायची वाट बघत. येईल ते उचलून पलीकडे न्यायला. थोरलीच्या बोटांखाली तिच्या मनगटाची नाडी फडफडत होती. पण चेहरा तयार होता. हे वाक्यही तिनं नेलं असतं. तिच्या अंगावर काहीही टाकलं असतं तरी तिनं नेलं असतं.

थोरलीनं हात सोडला.

बाहेर रस्त्यावर एक गाडी सुरू होता होता बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

“मी तुझ्याशी बोलतेय,” थोरली म्हणाली.

धाकटीनं मागं वळून पाहिलं, जणू तिथं आणखी कुणी उभं होतं. मग सवयीनं म्हणाली, “मुंगे, काकूला—”

“तिला नको. मला सांग. मी इथं उभी आहे.”

धाकटीच्या एका हातात साखरेचा डबा होता, दुसऱ्यात त्याचं झाकण. ते लावायचं राहिलं.

“मी येणार आहे,” थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता. या बाईशी बोलायचा आवाज तिनं सहा वर्षांत वापरला नव्हता. “आणि हिला पाण्यात सोडायची असेल तेव्हा तू स्वतः चालत यायचं आणि मला सांगायचं. तोंडानं.”

“गेल्या वर्षी नव्हतं का सांगितलं?” बोलून गेल्यावर धाकटीच्या लक्षात आलं की आपण बोललो.

“नाही. मला नव्हतं सांगितलंस. नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं होतंस. जिला पाण्यात पळायचं होतं तिलाच म्हणालीस, आधी जाऊन तुझ्यावर पहारा ठेवणारी शोध.”

धाकटीची नजर मुलीकडे गेली. मुंगी फरशीकडे बघत होती. नजर तिच्यावर राहिली, राहिली, आणि धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलू लागला. थोरली एक पाऊल सरकली. आता मुलगी तिच्या पाठीशी झाकली गेली.

“तिच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. तिला कुणी काही विचारायचं नाही. सहा वर्षं आपण दोघींनी तिला काय काय वाहायला लावलंय ते मोजायला बसलो तर आपल्यालाच तोंड दाखवायला जागा राहायची नाही.”

झाकण ओट्यावर आपटलं.

“मोठेपणा नका सांगू मला!” धाकटीचा आवाज चढला. “पोर कुणाची गेली असती? एकदा मान वळवून मागं बघितलं असतंत तर काय झिजलं असतं? वीस पावलांचा तो धक्का!”

“आणि तू आत काय करत होतीस? डब्यांवर नावं लिहीत होतीस!”

“नसती लिहिली तर तुम्ही सगळे जेवला असतात काय?”

“माझं नाव असतं कधी तुझ्या लिहिण्यात? आज फरशीवर चार नावं लिहिलीस, माझ्या नवऱ्याचंसुद्धा लिहिलंस!”

“कशाला लिहू? माझं ऑपरेशन झालं तेव्हा माझी आई भेटायला आली होती, तिला तुम्ही दारातून परत पाठवलंत!”

थोरली थबकली. “काय?”

“दारातून! शेजारणीनं तिला परत जाताना पाहिलं, आणि आई त्यावर कधी अक्षर बोलली नाही! चार तास बसमध्ये बसून आलेली म्हातारी!”

“दारातून? अगं, मी तिला आत बसवलं, चहा दिला. तू औषधानं झोपली होतीस. डॉक्टर म्हणाले होते, उठवू नका. ती तासभर तुझ्या उशाशी बसली, तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि शेवटची बस चुकेल म्हणून गेली. मी मुंगीला सांगितलं होतं, आई उठली की सांग, आजी येऊन गेली!”

“मुंगीला? मुंगी तेव्हा चार वर्षांची होती!”

“मग तुझ्याशी कोण बोलणार होतं? आदल्या दिवशीच तू मला म्हणाली होतीस, या खोलीत पाऊल टाकायचं नाही!”

“वेदनेत म्हणाले होते मी! वेदनेत माणूस काय वाट्टेल ते म्हणतं! तुम्ही ते खरं धरून बसलात?”

“मी धरून बसले? आणि तू?”

धाकटीनं डबा ढकलला. साखर ओट्यावर सांडली. दोघींपैकी कुणी ती भरायला हात घातला नाही. दोघी ओट्याच्या दोन टोकांना उभ्या राहून, एकमेकींच्या डोळ्यांत बघत, आवाज चढवत भांडत होत्या. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू होत होतं. मध्ये थांबायला, वळायला, कुणाकडून काही ऐकून घ्यायला वेळच नव्हता. मुंगी काकूच्या पाठीमागून बाजूला झाली, थोडा वेळ एकीकडे, थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिली, आणि मग दाराशी गेली. तिला कुणी हाक मारली नाही.

गॅलरीत काका आणि बाबा दोघंही उठून उभे राहिले होते.

“काय चाललंय गं आत?” बाबानं विचारलं.

“भांडतायत.”

“कोण?”

“आई आणि काकू.”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. “एकमेकींशी?”

“हो.”

आत एक भांडं पडलं आणि गडगडत गेलं. पाठोपाठ धाकटी काहीतरी मोठ्यानं म्हणाली, थोरली त्याहून मोठ्यानं.

“जा बघू,” काका हळूच म्हणाला, “काय म्हणतायत ते ऐकून ये.”

मुंगी एका खुर्चीत बसली, पाय वर घेतले, आणि गुडघ्यांवर हनुवटी ठेवली.

“तुम्हीच जा,” ती म्हणाली.